भुवईतली खाच

"नाक एवढं सरळ नाही," अहल्याबाई म्हणाल्या. "जरा खाली झुकलेलं."

सुधाकरांनी मांडीवरच्या टॅबवर पेन फिरवलं. टॅबची काच काळीच राहायची. रेघ उमटायची ती समोर, कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर. ही सगळी जोडणी त्यांच्या मुलाची, आल्हादची. मागच्या थंडीत नोकरीसाठी तो तडकाफडकी पुण्याला गेला. पुण्यात पार्किंगची बोंब, म्हणून गाडी विकली, आणि स्वतःचा टॅब बापाच्या कॉम्प्युटरला जोडून दिला. "बाबा, आता खोडरबर बंद," एवढंच म्हणाला.

टॉवर चौकातल्या त्या स्टुडिओत नवी वस्तू ती एकच. बाकी भिंतीभर गेलेली माणसं. हार घालायला फोटो नसला की लोक सुधाकरांकडे यायचे, आणि ते नुसत्या वर्णनावरून माणूस उभा करायचे.

अहल्याबाई आल्या त्या दारातूनच बोलायला लागल्या होत्या. "मुलगा गेला माझा. मार्गशीर्षात वर्ष होईल. तो चेहरा काही हटत नाही हो डोळ्यांपुढून. कुकरच्या झाकणात तोच, टेम्पोच्या काचेत तोच. एकदा कागदावर उतरवून द्या, म्हणजे माझी सुटका होईल."

"फोटो?"

"नाही ना. असता तर आले असते का?"

सुधाकरांनी जास्त विचारलं नाही. दुःखी माणसाला खोदून खोदून विचारणाऱ्यांची त्यांना मनापासून चीड होती. पुढचं बाईंनीच सांगितलं. श्रीनाथ नाव त्याचं. गावातच, नानाखेड्याला, दिवेलागणीला, सायकलवरून घरी येत होता. गाडीनं उडवलं. बाई घराच्या फाटकातच उभ्या होत्या.

"डोळे कसे?" सुधाकरांनी हळूच विचारलं.

"घाबरलेले."

पेन थांबलं. हाराच्या चित्रात घाबरलेले डोळे आजवर कोणी मागितले नव्हते. "बाई, रोज समोर राहणार हे चित्र. हसरे काढतो ना."

"नको. मी बघितले तसेच काढा. बिल्कुल तसेच."

सुधाकरांनी काढले. ते डोळे भिंतीवर घेऊन ही बाई कशी जगणार, या विचारानं त्यांना भडभडून आलं. ते मान खाली घालून हनुवटी काढू लागले. अर्ध्या गोष्टी बाई सांगायच्या आधीच हात काढत होता. कानाची पाळी, कपाळावरची बट, डावी भुवई. मान वर केली तर पडद्यावरच्या भुवईत मधोमध खाच.

"माफ करा हं," ते ओशाळून म्हणाले. "ही आमच्या पोराची आली. लहानपणी झोक्यावरून पडला होता. वर्ष होत आलं, दिवाळीलासुद्धा घरी आला नाही, म्हणून हात सारखा त्याच्याकडेच वळतो. पुसतो मी."

अहल्याबाई उठून पडद्याजवळ आल्या. "नका पुसू. होती ही खाच. मीच सांगायची विसरले."

पोरं काय, कुठून ना कुठून पडतातच, सुधाकरांना वाटलं. तरी चेहरा किती मिळताजुळता निघावा! या बाईचा गेला, आपला निदान फोनवर तरी आहे. आज आल्हादला सांगायचं, रागावला असशील तर राग सोड बाबा, पण ये. त्यांनी डोळे पुसले.

अहल्याबाईंनी पडद्यावरचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत निरखला. मग त्यांनी मोठा श्वास सोडला.

"हाच," त्या म्हणाल्या.

सुधाकरांनी टॅब बाजूला ठेवला आणि कीबोर्ड पुढे ओढला. चित्राखाली नाव टाकल्याशिवाय त्यांच्याकडून फ्रेम जात नसे. "स्वर्गीय श्रीनाथ... आडनाव सांगा."

"श्रीनाथचे फोटो घरी पुष्कळ आहेत," अहल्याबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "हा गाडीतून उतरला. खाली वाकून त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि गाडीत बसून निघून गेला."

सुधाकरांची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

"नाव मला माहीत नाही," अहल्याबाई म्हणाल्या. "तुम्हीच लिहा."