झाडावरचा मासा

"खलाशांनी योनाला उचललं आणि धप्पकन समुद्रात टाकलं. तेवढ्यात झाडावरून एक भला मोठा मासा खाली उतरला," एवढं बोलून कुमुदिनीबाई थांबल्या.

चर्चच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गात, त्या अशाच थांबत. गोष्टीत एक ढळढळीत चूक पेरायची आणि गप्प बसायचं, ही त्यांची जुनी रीत. मग पोरं अशी काही तुटून पडत, की पलीकडे मोठ्यांच्या उपासनेत पाळकसाहेबांना आवाज चढवावा लागे. ज्या गोष्टीतली चूक मुलानं स्वतः पकडली, ती गोष्ट ते जन्मात विसरत नाही, असं बाईंचं पक्कं मत होतं.

आज समोर पोरं नव्हती. गुरुग्रामला भाच्याच्या, यतीनच्या, फ्लॅटमध्ये त्या एका गोल दिव्यासमोर बसल्या होत्या. दिल्लीपासून नोएडापर्यंत विखुरलेल्या मराठी ख्रिस्ती मंडळीनं आजपासून दर रविवारी बायबलचं शिक्षण ऑनलाइन द्यायचं ठरवलं होतं. पहिला तास मुलांचा, म्हणून बाईंचा. सचिव हरिदास यांनी कालच बजावलं होतं, "बाई, हे थेट जातं, पुसता येत नाही. नीट झालं तर तास तुमचा. नाहीतर पुढच्या रविवारपासून तयार कार्टून लावू. मुलांना तेच आवडतं."

आज चूक पेरायची नाही, असं त्या घरून ठरवून आल्या होत्या. पण जिभेनं सवय सोडली नाही.

आवाज नको म्हणून एसी बंद होता, पंखाही. बाल्कनीचं दार तेवढं उघडं. बाईंच्या मानेवरून घाम ओघळला. कॅमेऱ्याचा काळा डोळा काहीच बोलेना.

यतीननं पटकन माइकचं बटण बंद केलं. "आत्या, काय हे? झाडावरून?"

"मुलं काय म्हणतायत?"

"मुलं कुठे दिसतायत मला? नुसता बघणाऱ्यांचा आकडा दिसतो. मोठी माणसं लिहितायत. कुणी हसतंय, कुणी विचारतंय, हे कुठल्या अध्यायात आहे म्हणून. आणि हा हरिदासकाकांचा मेसेज. 'पवित्र शास्त्रात झाड नाही. ताबडतोब दुरुस्त करा.'"

"आणि मुलं?"

"मुलं कशी लिहितील, आत्या?"

"तेच म्हणते मी. मुलं लिहीत नाहीत. ओरडतात."

"ओरडली तरी तुला ऐकू येणार आहे का? यार आत्या, समजून घे. कुणी एवढाच तुकडा कापून फिरवला तर? 'बघा यांचं बायबल,' म्हणून सगळीकडे जाईल. सॉरी म्हण, आणि चल पुढे."

त्यानं बटण सुरू केलं आणि हातानं 'बोल, बोल' अशी खूण केली.

बाईंनी ओठ ओले केले. लोक हसतील, ते सोसवलं असतं. तास गेला असता, तर तेही कसंबसं गिळलं असतं. पण भलतंच काहीतरी मनात शिरलं. एखादं पोर पहिल्यांदाच ही गोष्ट ऐकत असेल तर? त्याच्या शेजारी दुसरं कुणी नसेल, आणि त्यानं ते झाड आणि त्यावरचा मासा खरा धरला असेल तर? इतकी वर्षं पोरांच्या गलक्याच्या भरवशावर त्या चुका करत आल्या होत्या. गलकाच नसेल, तर चूक नुसती चूकच राहणार.

"बाळांनो," त्या म्हणाल्या. "माझं जरा..."

आणि खालून, कुणाच्यातरी बाल्कनीतून, एक बाई बोलू लागली, "...टाकलं. तेवढ्यात झाडावरून एक भला मोठा मासा खाली उतरला."

बाई दचकल्या. तो त्यांचाच आवाज होता. इथलं बोलणं लोकांच्या घरी उशिरानं, रेंगाळत पोचतं, हे यतीननं सकाळी सांगितलेलं त्या विसरूनच गेल्या होत्या. खालचा आवाज थांबला. जिथे त्या थांबल्या होत्या, अगदी तिथेच.

यतीन बाल्कनीकडे बघत राहिला.

"ओ आजीऽ! मछली झाडावर नसते!"

ओरडणं इतकं खणखणीत होतं, की समोरच्या टॉवरवरून फिरून आलं. पाठोपाठ कुणाचातरी दबका आवाज, "शूऽऽ! अनिश! हळू. वर ऐकू जाईल." आणि सरकतं दार बंद झाल्याचा घर्रऽ असा आवाज.

यतीनचा चेहरा उतरला होता. त्यानं बटणावर बोट दाबलं. "खाली देवयानी राहते, अनिशची आई. सोसायटीच्या मराठी ग्रुपवर लिंक मीच टाकली होती, पण..." तो कुजबुजला, "ते आपल्यातले नाहीत, आत्या. त्यांच्या पोराला बायबल शिकवलं म्हणून उद्या कुणी काही बोललं तर?"

बाईंनी पदरानं मान पुसली. मग हात लांब करून त्यांनी यतीनचं बोट बटणावरून हळूच बाजूला केलं, बटण सुरू केलं आणि काळ्या डोळ्यात बघितलं.

"नसते?" त्या म्हणाल्या. "मग कुठे असते, सांग बरं."

आणि हात मांडीवर ठेवून त्या पुन्हा गप्प बसल्या.