फिल्टरवरचे मासे

बदनापूरच्या रस्त्याला गावाचं पाणी शुद्ध करणारा फिल्टर आहे. तिथे काचेच्या टाकीत काही मासे नोकरीला होते. शुद्ध केलेलं पाणी आधी त्यांच्या टाकीतून जायचं, मंग गावाला. पाणी खराब आलं की मासे नळाचं तोंड सोडून लांबच्या काचेला चिकटायचे, आणि तिथला ऑपरेटर मिथुन व्हॉल्व्ह बंद करायचा. साहेबापेक्षा मासे बरे, निदान कामावर हजर असायचे.

त्या दुपारी मासे नळापाशी मजेत खेळत होते. मिथुन जवळ गेला, तसे सगळे पलीकडच्या काचेला चिकटले. तो पलीकडे गेला. ते अलीकडे आले.

"आंघोळ केल्ती का रे?" सोबत कामाला असलेली बेबीनंदा हसली. तिने काचेला बोट लावलं, तर मासे बोटापाशी गोळा झाले.

मिथुन साबण लावून आंघोळ करून आला. मासे पुन्हा पळाले.

"मावशी, मलाच पाहून पळून राह्यले. पाणी तपासा ना."

"पाणी बराबर हाय, मिथुन." बेबीनंदा आता हसत नव्हती. ती दारापर्यंत सरकली होती.

तेवढ्यात त्याची बायको मोनाली डबा घेऊन आली. कडेवर दीड वर्षांची आम्रपाली. बापाला पाहून पोरीने नेहमीसारखी झेप घेतली.

"माझी लेक न्हाई पळत," मिथुन म्हणाला आणि त्याने तिला छातीशी धरलं.

पोर हळूहळू मागे वाकू लागली. दोन्ही हातांनी ती त्याची छाती दूर ढकलत होती. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं. आवाज मात्र येत नव्हता.