डावा खटका

फोन थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकला. धाकटीनं तो उचलला नाही, सरळ पालथा घातला. दादाचा होता. सकाळपासूनचा अकरावा.

"घ्या की मॅडम एकदा," पिंजरे धुता धुता प्रयोगशाळेतले शिपाईकाका म्हणाले. "पाळण्यातलं पोरसुद्धा एवढा हट्ट करत नाही."

"नाही घ्यायचा. सहा महिने दारू सोडलीस तरच आम्ही बोलू, असं घरात सगळ्यांनी सांगितलंय त्याला. चार झालेत. आत्ता विरघळले, तर मुसळ केरात!"

नियम तिनंच काढला होता. चार महिने म्हणजे दादासाठी विक्रमच! प्यायला की तो तिला 'महाराणी सरकार' म्हणायचा, वाकून मुजरा करायचा आणि मग गळ्यात पडून रडायचा. शुद्धीत असला की नुसतं 'अगं'. तिला ते कोरडं ठणठणीत 'अगं'च हवं होतं.

ती सात नंबरच्या पिंजऱ्याकडे वळली. आत एकच उंदीर आणि दोन खटके. डावा दाबला की छोटंसं दार उघडायचं, पलीकडे त्याचा जोडीदार. उजवा दाबला की वाटीत दारूचे थेंब. दारूची चव त्याला ठाऊक होती. पण दार उघडत होतं तोवर पठ्ठ्यानं उजवीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. म्हणून आज, सोमवारी, तिनं दाराची वायर काढली. एकटा पडल्यावर काय करतो, तेच तर बघायचं होतं.

तो डावाच खटका दाबत राहिला. दाबायचा, दाराला नाक लावायचा, पुन्हा दाबायचा. संध्याकाळपर्यंत यंत्रानं दोनशे चाळीस वेळा मोजलं. मंगळवारी नव्वद. बुधवारी अकरा.

गुरुवारी फोन वाजलाच नाही. दहा वाजले, बारा वाजले. धाकटीला कसं हलकं हलकं वाटलं.

"सुटले बाई एकदाची! काका, आमच्या दादाला अक्कल आली."

"मग सातनंबऱ्यालाही आली म्हणायची," काका हसले. "आज डावा खटका एकदाही नाही."

"एकदाही नाही?"

ती आकड्यांवर वाकली. डावा, शून्य. उजवा, तीनशे बारा.

उंदीर वाटीशी पसरला होता. मिशा ओल्या. तिनं घाईघाईनं वायर जोडली, दार खाडकन उघडलं. पलीकडून जोडीदार धावत आला. यानं मानसुद्धा वळवली नाही.

धाकटीनं फोन सुलटा केला. दादाचा नंबर लावला. एक रिंग झाली. दुसरी झाली. 'अगं म्हण,' ती मनात घोकत होती, 'नुसतं अगं म्हण.'

त्यानं उचलला.

"बोला, महाराणी सरकार!"