साय

“एकसारखे दोन थर्मास घेऊ नकोस, एक दिवस घोळ घालशील,” असं नणंदेनं बजावलं होतं. तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. आता लेकीच्या बाटलीत ओतलं, तर काळीकुट्ट कॉफी! सव्वा वर्षाच्या लेकीनं बाटलीकडे हात पुढे केले आणि आईनं ती झटकन मागे ओढली. म्हणजे दोनदा उकळून, मनगटावर थेंब टाकून पाहिलेलं दूध नवऱ्याबरोबर गेलं होतं. तेही नेमकं आज!

नवरा काचेच्या कारखान्यात होता. तीन वर्षं नुसत्या कडा घासत होता. तिथल्या उस्तादांचा हिशेब सरळ होता: काळी कॉफी पिणारा पुरा गडी, दूध घालून पिणारा अर्धा आणि नुसतं दूध पिणारा पाळण्यातला. “पाळण्यातल्याच्या हाती मी आरसा देत नाही,” ते म्हणायचे. म्हणून महिनाभर तो नाक दाबून काळी पीत होता. घरी त्याच्या थरथरत्या हातातल्या बशीत चमचा वाजायला लागला होता. तिनं विचारलं की म्हणायचा, “काही नाही गं, सवय होईल.” आज त्याला पहिल्यांदा आठ फुटी आरसा कापायला मिळणार होता. अकराच्या सुट्टीनंतर.

तिनं लेकीला कडेवर घेतलं आणि पळत सुटली. एक चप्पल फाटकात राहिली.

पोचली तेव्हा सहा धिप्पाड माणसं पोट धरून हसत होती. मध्ये नवरा. हातात थर्मासचं झाकण, झाकणात दूध, दुधावर जाड साय.

“लाळेरं बांधू का रे राजा?” कुणीतरी म्हणालं.

“चूक माझी आहे!” ती दारातूनच ओरडली. “ते हिचं आहे!”

हसणं छपराला लागलं. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. लेकीकडे पाहिलं. मग सायीसकट एका घोटात सगळं पिऊन टाकलं आणि मिशीवरचं पांढरं बाहीला पुसलं.

“द्या आता आरसा.”

“फुटला तर?” उस्ताद म्हणाले.

“जन्मभर कडा घासेन.”

उस्तादांनी मान डोलावली. आरसा टेबलावर आला. पट्टी लागली, कटर फिरला. एकच लांब, बारीक किर्रर्र. तिनं लेकीचा कान झाकला, स्वतःचे डोळे मिटले. मग नवऱ्यानं काच टेबलाच्या काठाशी आणली आणि खाली दाब दिला. टक्! दोन तुकडे. धार अशी सरळ, जणू दोरीनं आखलेली.

उस्ताद पुढे आले, बोटानं धार चाचपली. मग थर्मास उचलून कानाशी हलवला.

“उरलंय वाटतं,” ते म्हणाले आणि आपला कप पुढे केला.

“उस्ताद, तुम्ही?”

“पहिल्या दिवशी माझ्याही हातात काळी ठेवली रे. एकतीस वर्षं झाली. मला काय हवं, हे कुणी विचारलंच नाही.” त्यांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. “अहाहा! साखरही आहे!”

मग काय! एकेक कप पुढे यायला लागला. “मला साय नको.” “मला दे ती!” “ढकलू नका रे!” बघता बघता थर्मास उपडा झाला. सहा पांढऱ्या मिश्यांकडे पाहून लेकीनं असा टाहो फोडला की काचा थरथरल्या. उस्ताद स्वतः दुकानात धावले आणि दुधाच्या आठ पिशव्या घेऊन आले. पहिली लेकीची, बाकीच्या त्यांच्या.

तुमच्याकडेही कुणी वर्षानुवर्षं मुकाट्यानं काळी पीत असेल, तर आज पहिल्या घोटाला जरा त्याचं तोंड बघून या.