नव्या नेटची चाचणी

आईने दुखण्याखुपण्याचा विषय काढला, की मुलाचा व्हिडिओ कॉल नेमका अडकायचा. "तुझं नेटच फडतूस आहे गं, बदल ते," असा मेसेज मागाहून यायचा. शेवटी त्याला न सांगता तिने दुसऱ्या कंपनीचं नेट चाचणीपुरतं बसवून घेतलं आणि बसवणाऱ्यासमोरच फोन लावला.

"गुडघा फार ठणकतोय रे," ती म्हणाली मात्र, मुलगा आ वासून जागच्या जागी थिजला. त्याच्या मागे सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत होती. "अहो, आटपा ते सोंग, जेवायचंय," तिचा आवाज खणखणीत आला.

"काकू, चित्र एकदम झकास! मग हेच ठेवायचं ना?"



"काढून ने बाबा. जुन्या नेटवर हे ध्यान जरा बरं दिसायचं."