बोटाला सोसेल इतकं

सौम्याला आपलंच शरीर आपल्यावर उलटण्याचा आजार होता. आधी आतडी बिघडली, मग हाताची बोटं बधिर झाली. बेळगावच्या डॉक्टरांनी प्रोबायोटिकच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "जोडीला घरचं दही रोज खा. पोटात चांगले जंतू जायला हवेत." तेव्हापासून दर आठवड्याला जांबोटीच्या बसने आईचा दह्याचा डबा यायला लागला.

"तूच लाव की गं घरात," आई फोनवर म्हणायची. "दुधात बोट घालून बघायचं. बोटाला सोसलं की इरजण सोडायचं. लई सोपं हाय."

"न्हाय. मला तुझ्याच हातचं पाहिजे."

आई अचानक गेली. रिवाजाप्रमाणे वहिनीने माहेरच्या घरातलं दूध-दही सगळं ओतून टाकलं. बारावं करून सौम्या बेळगावला परतली, तेव्हा तिच्या फ्रिजमधल्या डब्याच्या तळाशी आईचं चमचाभर दही तेवढं उरलं होतं. तिला रडू आलं नाही.

संध्याकाळी तिने दूध तापवलं, गॅस बंद केला आणि लगेच त्यात बोट बुडवून धरलं. चटका बसला नाही. मग डबा निपटून सगळं दही तिने दुधात सोडलं आणि वर झाकण ठेवलं.

सकाळी नवऱ्याने विचारलं, "लागलं काय गं दही?"



पातेल्यात दूध तसंच पातळ होतं, आणि तिच्या बोटावर टपोरा फोड आला होता.