मुलगी बघायला

"मुलगी बघायला चाललीय का सोताला दाखवायला?" पत्र्यापलीकडं नागुबाई पुटपुटली.

भूकंपानंतर मिळालेल्या शेडात सासूचा उसासासुद्धा ऐकू यायचा. तारामतीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं अन् जरीची निळी साडी नेसली.

तिचा नवरा, रामकिशन, बाहेर उभा होता. नव्या सदऱ्याच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. त्यानं मिशाही काळ्या केल्या होत्या. त्यावर मात्र नागुबाईनं चकार शब्द काढला नव्हता.

लातूरला गाडी बदलायची होती. मधल्या वेळात तारामती लुबनाच्या पार्लरमध्ये शिरली. शेजारी नवा ट्यूशन क्लास निघालेला. बाकावर बारावीच्या पोरी भुवया कोरून घ्यायला बसलेल्या. त्यांच्यात चाळिशीची ती एकटीच.

"मुलगी बघायला चाललो उदगीरला," ती लुबनाला म्हणाली. "लई तरणी कर. पोरीकडचे माझ्याकडंच बघत बसले पाहिजेत."

"भाभी, सासू व्हायची हौस हाय का नवरी व्हायची?"

पोरी फिदीफिदी हसल्या. तारामतीही हसली. दोरा भुवईवर फिरला तसं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखलं का?"

"न्हाई. सवय न्हाई."

आरशातली बाई खरंच बरी दिसत होती. तारामतीनं हनुवटी वर केली. कितीतरी दिवसांनी तिला स्वतःच्या अंगाचा राग आला नाही.

"कशी दिसते?" गाडीत तिनं विचारलंच.

"उदगीर आलं की उठव," म्हणून रामकिशननं डोळे मिटले.

उदगीरला बसवंतच्या घरी त्याची लेक सिंधू पोहे घेऊन आली. सावळी, हडकुळी, तिशीला टेकलेली. तिच्या आईची नजर मात्र तारामतीवरून हलेना. तारामतीनं पदर सारखा केला. जमतंय, तिला वाटलं.

"बाई, तुम्ही एवढ्या देखण्या..." सिंधूची आई बोलता बोलता थांबली.

बसवंत खाकरला. सगळे पोह्यांतले शेंगदाणे निवडत बसले.

रामकिशननं सकाळपासून पहिल्यांदाच तारामतीकडं बघितलं.

"देखणीच हाय," तो म्हणाला. "पण दोन्ही लेकरं भूकंपात गेली, अन् हिचं ऑपरेशन त्याच्या आधीच झालेलं. म्हणून तर मी दुसरी करायलोय."